गिरजाबाईचं देवधान

मी कृषी सहायक म्हणून बत्तीस वर्षं नोकरी केली आणि त्या बत्तीस वर्षांत माझ्या हातून सर्वांत जास्त काय घडलं असेल, तर उपदेश. खत कधी द्यायचं, तुडतुडा कसा ओळखायचा, धानातली भेसळ कशी काढायची. आमच्याकडे भाताच्या खाचराला बांधी म्हणतात. सावली तालुक्यापासून मूल तालुक्यापर्यंत अशी बांधी क्वचितच सापडेल जिच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून मी बोट नाचवलं नाही. मग निवृत्त झालो. बायको त्याच्या वर्षभर आधीच वारली होती, मुलगी लग्न होऊन पुण्याकडे. उपदेश करायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून मी अंगणाकडे वळलो. ही गोष्ट तिथून सुरू होते. पण ती गिरजाबाईची आहे, माझी नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मध्येच स्वतःबद्दल बोलायची मला खोड आहे.

गिरजाबाई आमच्या गावातली ढिवरीण. साठी कधीच ओलांडलेली, काटक, बोलायला कमी. डोक्यावर मासोळीची टोपली घेऊन ती आठवड्यातून दोनदा माझ्या दारावरून जायची. तिचा नवरा उमाजी तळ्यात जाळं टाकायचा, तो सहा वर्षांपूर्वी तापानं गेला. मुलगा भूपेश राजुऱ्याला कोळशाच्या ट्रकवर आहे. त्यानं एकदा आईला तिकडे नेलं होतं. दोन महिन्यांत ती परत आली. काऊन आली म्हणून विचारलं तर म्हणाली, तिथी सकाळी उठून जायाले जागाच नाई. तेव्हापासून ती तळ्याकाठच्या दोन खोल्यांत एकटी राहते.

उमाजी मासोळी धरायचा, पण ती वाढवायची गिरजाबाई. मासोळीला लपायला आणि अंडी घालायला तळ्यात गवत लागतं. कुठल्या काठाचं गवत विरळ झालं ते पाहून ही कमरेएवढ्या पाण्यात उतरायची आणि दुसऱ्या काठाचं उपटून तिथे रोवायची. याबद्दल तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी शाबासकीही दिली नाही. मी स्वतः त्या तळ्यावरून हजारदा गेलो असेन. मला वाटायचं, बाई गाळात काहीतरी शोधते आहे.

त्याच तळ्याच्या उथळ काठाला देवधान यायचं. देवधान म्हणजे आपोआप उगवणारं रानटी भात. ना नांगर, ना पेरणी. दाणा लालसर, बारीक, लांब कुसाचा, आणि पिकला की लगेच गळून पाण्यात पडणारा. ऋषिपंचमीच्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत, म्हणून त्या दिवशी ढिवर मोहल्ल्यात देवधानाचाच भात शिजतो. कार्तिकात ते गोळा करण्याचं काम गिरजाबाईच्या सासूकडे होतं, तिच्यानंतर ते गिरजाबाईकडे आलं. दाणा गळायच्या आत पेंढ्या बांधायच्या, झोडपायचं, वाळवायचं आणि वाळलेल्या तुंब्यात भरून पुढच्या भादव्यापर्यंत ठेवायचं. मग ऋषिपंचमीच्या सकाळी मोहल्ल्यातल्या बावीस घरच्या बाया वाटी घेऊन तिच्याकडे यायच्या. वाटीभर देवधान घ्यायचं आणि लगेच निघायचं असं नव्हे. बसायचं, चहा प्यायचा, कोणाची सून कशी निघाली ते ऐकायचं, जुनी भांडणं उकरायची, नवी लावायची.

एका वर्षी मी त्या सकाळी तिकडून जात होतो. तिच्या दारासमोर चपलांचा एवढा पसारा की सायकलवरून उतरून ती ढकलावी लागली. आतून हसण्याचा गलका येत होता आणि त्यात गिरजाबाईचा आवाज सर्वांत मोठा. ती इतक्या मोठ्यानं बोलू शकते हे मला माहीतच नव्हतं. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस त्या दारात एकच चप्पल जोड असायचा.

मग एका उन्हाळ्यात तळ्यात जेसीबी उतरला. तळं खोल करायची कसली तरी योजना होती. गाळ ट्रॅक्टरनं उचलून लोकांनी बांध्यांत टाकला, मीही लोकांना सांगितलं की न्या, सोनं आहे. उथळ काठ खरवडून सरळ भिंतीसारखा केला गेला. पाणी खूप साठलं, ते खरं. पण काठच राहिला नाही, तर काठाचं गवत कुठून येणार? देवधानाचं एक रोप त्या वर्षी उगवलं नाही. गिरजाबाईनं त्या ऋषिपंचमीला साठवणीतलं काढून बायांना दिलं. तुंब्यात शेवटी दोन-तीन वाट्यांएवढं उरलं.

देवधानाचं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी माझ्या अंगणाच्या दुःखात होतो. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि नेहमीप्रमाणे जुन्या रस्त्यावरच नवा थर टाकून झाला. रस्ता हातभर उंच, माझं अंगण हातभर खाली. गल्लीचं आणि छपराचं सगळं पाणी माझ्या भिंतीला येऊन टेकायचं. मोबाईलवर वाचताना मला पाऊसबाग सापडली. पाणी हाकलू नका, भिंतीपासून दूर उथळ खळगा खणा, पाणी तिथे वळवा, चार दिवस थांबू द्या, मुरू द्या, आणि त्यात झाडं लावा म्हणजे माती धरून राहील. कल्पना मला फार आवडली. दोन मजूर लावून खड्डा खणला आणि नागपूरच्या एका नर्सरीतून झाडं आणली. मोगरा, क्रोटन, गुलाब, कसलंसं रंगीत गवत. पुढच्या वर्षीच्या मृगात लावली. आषाढातल्या पहिल्या झडीनंतर पाच दिवस खड्ड्यात गुडघाभर पाणी राहिलं. पाणी उतरलं तेव्हा मोगरा काळा पडला होता आणि क्रोटनची पानं हात लावताच गळत होती. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि स्वतःच्या अंगणात दहा बाय बाराचा खड्डा सांभाळता येईना.

गिरजाबाई त्याच वेळी टोपली घेऊन फाटकात उभी होती. तिनं खड्डा पाहिला, मेलेली झाडं पाहिली, आणि मासोळी हवी का ते न विचारता आत आली. पदर खोचून खड्ड्यात उतरली, घोट्यापर्यंत चिखलात उभी राहिली आणि विचारलं, पाणी येते कुठून, जाते कुठून, राहते किती दिवस. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी दिली. तिसऱ्याला अंदाज सांगितला. तिनं मान हलवली, कुंपणातली एक काडी मोडली, खड्ड्याच्या तळाला रोवली आणि म्हणाली की आता पंधरा दिवस काही लावू नका.

पंधरा दिवस ती येता-जाता ती काडी पाहत राहिली. पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी येऊन ओल्या खुणेवर नखानं चीर पाडायची. मी मोबाईलवरची झाडांची यादी वाचून दाखवायला लागलो तर ती टोपली उचलून चालू लागली. शेवटी एका दुपारी पायरीवर बसून तिनं मला हिशेब समजावला. तळात पाणी राहते, तिथी एक. उतारावर येते अन् जाते, तिथी दुसरं. वरच्या काठाले पाणी फक्त वास देऊन जाते, तिथी तिसरं.

"पाण्यात जगणारं लय असते, साहेब," ती म्हणाली. "पाणी आटल्यावर कोन राहते ते पाहाचं. ज्यानं आषाढ पाह्यला अन् वैशाखही पाह्यला, तेच लावाचं."

त्या दिवशी तरी मी उपदेश न करता ऐकलं. मग आम्ही दोघं नाल्यावर, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर, जुन्या विहिरीच्या मोरीपाशी फिरलो. ती दाखवायची, मी खणायचो. जिथून पाणी खड्ड्यात शिरत होतं तिथे तिनं वाळा लावला, त्याच्या मुळ्या माती सोडत नाहीत म्हणून. तळात लव्हाळा. उताराच्या सावलीकडे धोपा, म्हणजे आपलं अळू, आणि त्याच्या पायाशी ब्राह्मी पसरू दिली. वरच्या काठावर निरगुडी. मी नाल्यातलं बेशरमचं खोड हौसेनं उचललं, फुलं छान येतात म्हणून. तिनं ते माझ्या हातातून घेऊन लांब फेकलं. हे लावलं तर दोन वर्षांनी तुमचं घर शोधाले पोलीस लागतील, असं म्हणाली. मी हसलो. बायको गेल्यानंतर त्या अंगणात पहिल्यांदा दोन माणसांचं हसणं झालं असेल.

झाडं लागली. तळाचा अगदी मधला भाग, चटईएवढा, तिनं रिकामा ठेवला. तिथे काय, असं मी विचारलं, तर म्हणाली, पाहू. मी पुन्हा विचारलं नाही.

श्रावणात खड्डा असा भरला की जाणारे-येणारे थांबून पाहायला लागले. माझ्या जुन्या कचेरीतला प्रवीण, आता तो तालुक्याला मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याला कुठून तरी कळलं. तो म्हणाला, मी येतो, फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो. मला किती आनंद झाला ते सांगायला लाज वाटते. निवृत्त माणसाला कोणी पाहायला येतं म्हणजे सणच. तो यायच्या आदल्या सकाळी मी बाग साफ करायला बसलो, आणि तळाच्या मधोमध मला ते दिसलं. भाताची रोपं, वीतभराहून थोडी उंच, दाट उगवलेली. मी एक उपटून बुडखा पाहिला. जांभळट लाल.

आता हे ज्याला कळायचं त्यालाच कळेल. धानाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला तो लाल बुडखा दिसला की हात आपोआप खाली जातो. ती रानटी धानाची खूण. असलं रोप बांधीत शिरलं की चांगल्या धानात मिसळतं, आधी पिकून गळतं आणि पुढच्या वर्षी दुप्पट येतं. माझ्या बापानं लहानपणी मला बांधीत उभं करून पहिली गोष्ट शिकवली ती ही, आणि मी बत्तीस वर्षं लोकांना शिकवली तीही हीच: भेसळ दिसली की मुळासकट काढा, एक रोप ठेवू नका. मला वाटलं, गल्लीच्या पाण्यासोबत कुठल्या तरी बांधीतून बी वाहून आलं. मी खाली बसलो आणि तासाभरात सगळं काढलं. एकही ठेवलं नाही. मुळं झटकली, पेंढी बांधली आणि शेजाऱ्याच्या गाईपुढे टाकली. मोकळ्या जागेत धोप्याचे चार कंद लावून टाकले. प्रवीण आला, फोटो काढले, चहा घेतला, गेला.

दोन दिवसांनी गिरजाबाई आली. मी फाटकातच तिला चिडवलं की बाई, तुमची नजर आता अधू झाली, खड्ड्याच्या मधोमध रानटी धान माजलं होतं आणि तुम्हाला दिसलं नाही. मीच सगळं उपटलं, एक काडी शिल्लक ठेवली नाही.

ती खड्ड्याकडे पाहत उभी राहिली. डोक्यावरची टोपली तिनं खाली ठेवली नाही.

"बरं केलं जी," ती म्हणाली.

मग मासोळी दिली. नेहमीपेक्षा दोन जास्त टाकल्या असाव्यात, कारण सरितानं कालवण केलं तेव्हा ते मला दोन दिवस पुरलं. सरिता ढिवर मोहल्ल्यातलीच, माझा दोन वेळचा स्वयंपाक करते. त्यानंतर गिरजाबाई आली नाही. पोळा झाला, गणपती बसले, तरी आली नाही. मला वाटलं, तळ्यावर मासोळी कमी असेल.

ऋषिपंचमीला सरितानं सकाळीच सांगून टाकलं की आज माझा उपास, तुमच्यापुरता भात मांडते. मी सहज विचारलं की गिरजाबाईकडे जाऊन आलीस का. ती म्हणाली, नाही, यंदा देवधानच नाही. काकीनं महिनाभर आधीच सगळ्यांना सांगितलं होतं की तुंब्यात होतं-नव्हतं ते पेरलं आहे. वाटून टाकलं असतं तर बीच संपलं असतं, म्हणून यंदाचं एक वर्ष कळ काढा, पुढच्या वर्षी वाटी भरून देईन. तेव्हा यंदा सगळ्या जणी रंजीताच्या घरी दुकानातली भगर आणून एकत्र शिजवणार होत्या. रंजीता गावातल्या बायांच्या बचत गटाची अध्यक्ष, घर मोठं, अंगणात मंडप.

"कुठे पेरलं?" मी विचारलं.

"तुमच्याच खड्ड्यात म्हणे," सरिता भात उपसता उपसता म्हणाली.

मी जेवलो नाही. कितीतरी वेळ पायरीवर बसून त्या धोप्याच्या हिरव्यागार पानांकडे पाहत राहिलो. मला त्या पानांचा राग आला, प्रवीणचा आला, आणि मग लक्षात आलं की राग काढायला जागा शोधतो आहे. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या. पण ज्या कामात मी हुशार तेच काम चोख करून कोणाचं एवढं नुकसान मी कधी केलं नव्हतं.

दुपारी गिरजाबाईकडे गेलो. दारात एकच चप्पल जोड होता. ती सपरीत, म्हणजे बाहेरच्या ओटीवर, भिंतीला टेकून बसली होती. पलीकडे रंजीताच्या मंडपातलं लाऊडस्पीकरवरचं गाणं तिथपर्यंत ऐकू येत होतं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, मला माहीत नव्हतं, माझ्याच हातानं गेलं, मला क्षमा करा. आजवर मी कोणत्याही शेतकऱ्याची क्षमा मागितलेली नाही.

"तुमचा हात नोहे जी तो," ती म्हणाली. "बांधीतला हात हाये. दिसलं का उपटतेच. माह्या बापाचाही तसाच होता."

मग मला आधी सांगितलं का नाही, असं मी विचारलं. सांगितलं असतं तर मी त्या जागेला कुंपण घातलं असतं.

"तुमी नाई म्हणले असते," ती म्हणाली. "गावभर तुमीच त सांगत होते, हे उपटा म्हणून. अन् तुमी नाई म्हणले असते त मले दुसरी जागा कुठी होती? तळ्याले काठ नाई राह्यला."

 मी घरी आलो.

कार्तिक लागला तसा मी स्कूटर काढली. जिथे जिथे तळं होतं तिथे गेलो. बहुतेक तळी खोल झाली होती आणि काठ खरवडलेले होते. काही ठिकाणी देवधान अजून येतं, पण मी पोचायच्या आत गळून गेलं होतं. ढिवरांच्या मोहल्ल्यात शिरून मी विचारायचो तेव्हा लोक माझ्याकडे संशयानं पाहायचे. खात्याचा माणूस रानटी धान मागतो म्हणजे काहीतरी बंदी येणार, असंच त्यांना वाटलं असेल. शेवटी चिमूरकडच्या एका गावात बापूराव नावाचे एक म्हातारे ढिवर भेटले. त्यांच्या सपरीत देवधानाची रास वाळत होती. मी विकत मागितलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, देवधान विकत नाही. मग विचारलं, कोणासाठी पाहिजे. मला सगळी गोष्ट सांगावी लागली, फोटोसकट. ऐकता ऐकता ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना एवढा खोकला आला की सुनेनं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन त्यांनी स्वतःच दोन पायली मोजून माझ्या पिशवीत ओतली.

गिरजाबाईनं ते मुठीत घेतलं, दोन्ही तळव्यांत चोळलं, कुसं फुंकली, एक दाणा दातानं फोडून पाहिला. आपल्या तळ्यातल्यापेक्षा दाणा बुटका आहे, असं म्हणाली. आणि मग हसली. तिच्या तोंडात एवढे कमी दात आहेत हे मला तेव्हा दिसलं. अर्धं तिनं तुंब्यात भरलं, येत्या ऋषिपंचमीला वाटायला. अर्धं पेरायला ठेवलं. पुढच्या जेठात मी धोप्याचे कंद काढून भिंतीकडच्या सावलीत हलवले आणि खड्ड्याच्या तळात तिच्यासोबत उतरलो. तिनं बी चिखलात टाकायचं, मी वरून पायानं हलकेच दाबायचं, एवढंच माझं काम. या वेळी जाळीचं कुंपण घातलं. शेळी आत शिरू नये म्हणून मी दुपारची झोपसुद्धा सोडली. श्रावणात लाल बुडख्याची रोपं चटईभर उभी राहिली. रोज सकाळी मी हात पाठीमागे बांधून ती पाहायचो.

यंदा ऋषिपंचमीच्या आठवडाभर आधी मी सरिताला आठवण करून दिली की काकीकडे देवधान आहे. ती बरं म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, ते मी खात्रीनं सांगतो. पण भगर रंजीतानं आधीच मुलाकडून आणवली होती, मंडप ठरला होता, आणि गेल्या वर्षी सगळ्यांना तिथे खूप मजा आली होती. सवय लागायला एक वर्ष पुरतं, सुटायलाही.

दुपारी चार वाजता मी तळ्याकाठी गेलो. गिरजाबाईची सपरी शेणानं सारवलेली होती. शिंदीची मोठी चटई अंथरली होती, चहाचं पातेलं चुलीशेजारी झाकून ठेवलं होतं, कप उपडे मांडलेले. चटईवर पळसाच्या पानांवर देवधानाचे छोटे छोटे वाटे ओळीनं लावले होते, प्रत्येक घराचा एक. एकही उचललेला नव्हता. त्यांच्याशेजारी ती बसली होती, अंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून. सकाळपासून तशीच बसली असणार.

 मी म्हणालो की बायांना लक्षात नसेल, मी आत्ता जातो, रंजीताच्या मंडपातून सगळ्यांना घेऊन येतो, पाच मिनिटांचं काम आहे. मी खरंच वळलोही होतो.

"नोका जाऊ, साहेब," ती म्हणाली. "दरवर्षी कोन बलावत होतं त्याइले? बलावून आणलेलं माणूस वेगळं असते, आलेलं वेगळं."

मी थांबलो. उभ्या उभ्या वाटे मोजायला लागलो. मोजायची सवय नोकरीतली. बावीस घरं, हे मला पक्कं ठाऊक होतं. वाटे तेवीस भरले. वाटलं चुकलो, म्हणून पुन्हा मोजले. तेवीसच.

तिनं माझं मोजणं पाहिलं असावं. ओळीच्या टोकाचा वाटा पानासकट उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"हा तुमच्या घरचा," ती म्हणाली.

माझ्या घरात उपास करणारी बाई नाही. मी ढिवर नाही. त्या मोहल्ल्यात माझं काही नातं नाही. मी तो वाटा रुमालात बांधला, हात जोडले, आणि आजूबाजूच्या दारांतून कोणी पाहतं आहे का याची उगाच काळजी करत लगबगीनं घरी निघून आलो. सरिता सणाला गेली होती. मीच चूल पेटवली, देवधान धुतलं आणि शिजत ठेवलं. ते लवकर शिजत नाही, हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळ होईस्तोवर मी त्या पातेल्यासमोर बसून राहिलो आणि तेव्हा कुठे मला कळलं की आपण काय करून आलो.

सकाळपासून तिनं वाट पाहिली होती. चटई अंथरलेली होती, चहा तयार होता, कप मांडलेले होते. न बोलावता तिच्या दारात आलेला दिवसभरातला मी एकटा माणूस होतो, आणि मी बसलोसुद्धा नाही.